गेटिसबर्गचे दगड वाचायचे कसे?

कातळवाट

उन्हाळा आला की न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनियातली आपली मंडळी भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन फिरायला निघतात. वॉशिंग्टन, हर्शी, नायगारा असा ठरलेला मार्ग. हर्शीहून गेटिसबर्ग साधारण तासाभरावर, म्हणून बरेच जण वाकडी वाट करून तिथे जातात आणि दोन तासांत "नुसते दगड नि तोफा" म्हणत परततात. मला दरवेळी हळहळ वाटते. म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात. अमेरिकन यादवी युद्धातली ही लढाई १ ते ३ जुलै १८६३ अशी तीन दिवस चालली. उत्तरेकडे (युनियन) जनरल मीड, दक्षिणेकडे (कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली राज्यं) जनरल ली. दोन्ही बाजूंचे ठार, जखमी, बेपत्ता आणि पकडलेले मिळून ५० हजारांच्या आसपास. त्या रणभूमीवर आज १,३०० हून जास्त स्मारकं, फलक आणि खुणेचे दगड आहेत. गाडीतून बघत गेलात तर सगळे एकसारखे दिसणार, यात तुमचा काही दोष नाही. पण ते कुणी, कधी आणि कोणत्या नियमाने बसवले हे कळलं की एकेक दगड बोलायला लागतो.

सर्वात आधी पायथा बघा. रस्त्याच्या कडेला ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर धातूची पाटी दिसली आणि चौथरा चौकोनी असला, तर ती युनियनची ब्रिगेड (काही पलटणी मिळून बनलेली तुकडी). गोल असला तर कॉन्फेडरेट ब्रिगेड. ही पाटी वाचण्याआधीच लांबून कळतं. तोफेची नळी जमिनीत उभी रोवलेली दिसली तर तिथे एखाद्या सेनापतीचं मुख्यालय होतं. ब्रिगेडच्या या पाट्या युद्धखात्याच्या आयोगाने लावल्या. १८९५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने (संसदेने) ही भूमी राष्ट्रीय लष्करी उद्यान केली, त्यानंतरचं हे काम. मजकुरात कुणाचं कौतुक नको आणि कुणावर ठपकाही नको, हे धोरण ठरलेलं होतं. म्हणून त्या कोरड्या वाटतात: अमुक दिवशी इथे आले, इतक्या वाजता पुढे सरकले, इतके ठार, इतके जखमी. मला मात्र याच पाट्या सगळ्यात जास्त आवडतात. काही दशकांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या दोन फौजांबद्दल एकाच संयमाने लिहिणं ही सोपी गोष्ट नव्हे.

रेजिमेंटची (म्हणजे एकेका पलटणीची) स्मारकं मात्र बहुतेक त्या रेजिमेंटच्या माजी सैनिकांनी आणि त्यांच्या राज्यांनी पैसे घालून उभारली. तिथे भावना आहे, अभिमान आहे आणि भांडणंही आहेत. रणभूमीवर (म्हणजे दफनभूमी सोडून) रेजिमेंटचं पहिलं स्मारक आलं १८७९ मध्ये, सेकंड मॅसॅच्युसेट्सचं. १८८० च्या दशकात तर रांगच लागली, कारण विशीतले सैनिक तोवर चाळिशी-पन्नाशीला आले होते, हाती थोडे पैसे होते आणि आठवण ताजी होती.

आता ज्यासाठी मी खास वाकतो ती गोष्ट. मोठ्या स्मारकाच्या दोन्ही बाजूंना काही अंतरावर गवतात गुडघ्याएवढे किंवा त्याहून बुटके दगड असतात. एकावर 'एल एफ', दुसऱ्यावर 'आर एफ' आणि रेजिमेंटचं नाव. डावी बगल, उजवी बगल. म्हणजे त्या दिवशी ही रेजिमेंट बरोबर या दोन दगडांच्या मध्ये उभी होती. कधी चालून बघा. काही ठिकाणी एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत जायला मिनिटसुद्धा लागत नाही. एवढ्याशा पट्टीत दोन-तीनशे माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती आणि समोरून गोळ्या येत होत्या. पुस्तकातला नकाशा बघून जे कळत नाही ते त्या दोन दगडांमधून चालताना पायांना कळतं.

हॅनकॉक अव्हेन्यूवर फर्स्ट मिनेसोटाचं स्मारक आहे. वर संगीन रोखून धावत निघालेला सैनिक. खालचा मजकूर पूर्ण वाचा. २ जुलैच्या संध्याकाळी युनियनच्या फळीला खिंडार पडलं होतं आणि कुमक यायला थोडा वेळ हवा होता. तेवढा वेळ मिळवण्यासाठी जनरल हॅनकॉकने या २६२ जणांना समोरून येणाऱ्या दोन ब्रिगेडवर सोडलं. २१५ पडले, ४७ रांगेत उरले. शिलालेखातच हे आकडे आहेत. मी तिथे मोठ्याने वाचून दाखवतो, पाहुणे गप्प होतात.

तुम्ही कोणी गेला असाल तर काय पाहिलं, काय राहिलं, ते लिहा.

निशिगंध

सुंदर धागा. गोल-चौकोनी चौथऱ्यांचं माहीतच नव्हतं. मुलांना हे आधी सांगितलं असतं तर त्यांनी गाडीत बसल्या बसल्या ओळखायचा खेळच केला असता.

आमच्या मुलीला तिथलं एकच स्मारक आवडलं, कुत्रीचं. ओक रिजवर इलेव्हन्थ पेनसिल्व्हेनियाचं स्मारक आहे, त्याच्या पायथ्याशी सॅली नावाची कुत्री बसलेली आहे. रेजिमेंटने पाळलेली. पहिल्या दिवशी सैन्य मागे हटलं तेव्हा ती तिथेच राहिली, आपल्या मेलेल्या आणि जखमी माणसांजवळ. पुढे फेब्रुवारी १८६५ मध्ये दुसऱ्या एका लढाईत गोळी लागून गेली. १८९० मध्ये स्मारक करताना म्हाताऱ्या झालेल्या त्या सैनिकांना तिला विसरणं शक्य झालं नाही. लोक तिच्यासमोर अजूनही कुत्र्यांची बिस्किटं ठेवतात. आमच्या लेकीनेही ठेवलं.

एक विचारायचं होतं. घोड्याचा एक पाय वर असेल तर स्वार जखमी झाला, दोन वर असतील तर रणात मेला, चारही जमिनीवर असतील तर सुखरूप. हे आपल्याकडेही पुतळ्यांबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. गेटिसबर्गला खरं आहे का?

पैलतीर

@निशिगंध, या समजाचा जम गेटिसबर्गला बऱ्यापैकी बसतो, म्हणूनच तो इतका पसरला असावा. जनरल रेनल्ड्स पहिल्याच दिवशी मारला गेला, त्याच्या घोड्याचे दोन पाय वर. हॅनकॉक जखमी झाला, एक पाय वर. पण १९९८ मध्ये लाँगस्ट्रीटचा पुतळा बसला. त्याच्या घोड्याचाही एक पाय उचललेला आहे आणि लाँगस्ट्रीटला गेटिसबर्गमध्ये खरचटलंही नव्हतं. शिल्पकारांनी असा काही संकेत पाळल्याचा पुरावा नाही. योगायोगच.

कातळवाट, तुम्ही भांडणांचा उल्लेख करून पुढे गेलात. सेव्हन्टी-सेकंड पेनसिल्व्हेनियाचं लिहा ना. माझ्या मते सगळ्या उद्यानातली ती सगळ्यात बोलकी गोष्ट आहे.

कातळवाट

@पैलतीर, लिहितो, कारण दगड कुठे बसवायचा यावर माणसं किती जिवापाड भांडली हे त्यातून दिसतं.

३ जुलैला दक्षिणेच्या सुमारे साडेबारा हजार सैनिकांनी उघड्या शेतातून चाल केली. हीच ती पिकेटची चढाई. त्यातले थोडे दगडी कुंपण ओलांडून आत घुसले. त्या कोपऱ्याला 'अँगल' म्हणतात. सेव्हन्टी-सेकंड पेनसिल्व्हेनिया तेव्हा कुंपणापासून मागे, उंचवट्याजवळ दुसऱ्या फळीत होती. ब्रिगेड कमांडर वेबने पुढे व्हायला सांगितलं तरी ती लगेच हलली नाही, तिथूनच गोळीबार करत राहिली आणि शेवटच्या झटापटीत कुंपणापर्यंत आली.

पंचवीस वर्षांनी स्मारकाची वेळ आली. रणभूमीची देखरेख करणाऱ्या संस्थेचा नियम होता की रेजिमेंट ज्या फळीत उभी होती तिथेच स्मारक. म्हणजे मागे. माजी सैनिक म्हणाले, आमची माणसं कुंपणाशी मेली, स्मारकही तिथेच होईल. प्रकरण कोर्टात गेलं. लढाईला हजर असलेल्यांच्या साक्षी झाल्या. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयात १८९१ मध्ये सैनिक जिंकले. आज कुंपणाला लागून बंदूक उलटी धरून दस्त्याने हाणणारा जो ब्राँझचा सैनिक आहे, तो त्यांचा. २०११ मध्ये गेटिसबर्गचा जो क्वार्टर (पाव डॉलरचं नाणं) निघाला त्यावर हाच सैनिक आहे.

या निकालामुळे इतिहास पक्का झाला असं मी मानत नाही. पण हे दगड मुळात साक्षीपुरावे आहेत, आणि साक्षीदाराला स्वतःची बाजू असतेच, एवढं ध्यानात ठेवून वाचावं.

जवळच १८९२ चं 'हाय वॉटर मार्क' स्मारक आहे, ब्राँझचं उघडं पुस्तक, त्यात त्या चढाईतल्या दोन्हीकडच्या पलटणींची नावं. दक्षिणेच्या बंडाची भरती इथवर आली आणि इथून ओसरली, ही कल्पना जॉन बॅचलडर या माणसाने रुजवली. लढाई झाल्याबरोबर तो तिथे पोचला होता आणि पुढची तीस वर्षं सैनिकांना पत्रं लिहून, त्यांना रणभूमीवर आणून कोण कुठे उभं होतं याची टिपणं करत राहिला. आज आपण स्मारकाजवळच्या झाडांच्या पुंजक्याकडे बघून "इथेच युद्ध फिरलं" म्हणतो, त्यात बॅचलडरचा वाटा मोठा. मीडच्या सैन्याने आदल्या दिवशी लिटल राउंड टॉप आणि कल्प्स हिल राखली नसती तर तिसरा दिवस उजाडलाच नसता, हे मात्र त्या पुस्तकासमोर उभं राहून आठवत नाही.

उंबरठा

माझं मत थोडं कडक आहे, पण मांडतो.

कॉन्फेडरेट अव्हेन्यूवरून गाडी नेली की दक्षिणेच्या राज्यांची स्मारकं एकामागून एक येतात. त्यावरच्या तारखा बघा. व्हर्जिनिया १९१७, नॉर्थ कॅरोलायना १९२९, साउथ कॅरोलायना १९६३, लुइझियाना १९७१, मिसिसिपी १९७३, टेनेसी १९८२. यातली १९६३ पासूनची तर लढाईतला एकही माणूस जिवंत नसताना उभी राहिली. ती कुणासाठी?

साउथ कॅरोलायनाच्या दगडावरचा मजकूर तर वाचाच. राज्यांच्या हक्कांच्या पावित्र्यावरची अढळ श्रद्धा हेच आमच्या माणसांचं ब्रीद होतं, अशा अर्थाचं वाक्य आहे. अनावरण जुलै १९६३. त्याच उन्हाळ्यात अलाबामाचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात उभा राहिला होता, आणि या अनावरणाला तो पाहुणा म्हणून हजर होता. पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण झालं. म्हणजे तो दगड १८६३ बद्दल बोलतोय की १९६३ बद्दल?

आपण आपल्या मुलांना तिथे नेतो आणि "दोन्हीकडचे शूर होते" एवढंच सांगून आणतो, हे मला पटत नाही. लीच्या फौजेने पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर काळ्या माणसांना, त्यातले कित्येक जन्मापासून स्वतंत्र, धरून दक्षिणेत गुलामीत नेलं. याच मोहिमेत. त्याचा दगड कुठे आहे?

रानमेवा

+१ @उंबरठा. मी रिचमंडजवळ राहते. तिथे मॉन्युमेंट अव्हेन्यूवर १८९० पासून उभा असलेला लीचा पुतळा सप्टेंबर २०२१ मध्ये उतरवला. शहराच्या मध्यभागी उंच चौथऱ्यावर बसवलेला पुतळा आणि रणभूमीवरचा दगड यात मी फरक करते. शहरातला पुतळा आदर मागतो. रणभूमीवरचा निदान जागेशी बांधलेला असतो. पण १९६३ चा मजकूर जागेशी बांधलेला नाही, हे खरं.

कातळवाट

@उंबरठा, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. म्हणूनच म्हणतो की दगडावर दोन तारखा वाचायच्या, लढाईची आणि अनावरणाची.

तरी सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये असं मला वाटतं. व्हर्जिनियाच्या स्मारकावर ली घोड्यावर बसून समोरच्या मोकळ्या शेताकडे बघतोय, पण मजकूर बघा: व्हर्जिनियाकडून गेटिसबर्गच्या आपल्या पुत्रांस. एवढंच. युद्धखात्याच्या अखत्यारीत असताना वादग्रस्त शब्द कोरायला परवानगी मिळत नसे. त्या मानाने १९६३ चा दगड जास्त बोलतो, आणि ते दिसतं.

दक्षिणेची स्मारकं उशिरा येण्याला आणखीही कारणं होती. सुरुवातीची संस्था उत्तरेची. हरलेल्या, कंगाल झालेल्या मुलखात पैसा नव्हता. शिवाय फळीत उभे होतात तिथेच स्मारक या नियमामुळे त्यांना जिथे त्यांची माणसं पडली तिथे नव्हे, तर जिथून निघाली तिथे, मैलभर मागे दगड लावावा लागला असता. म्हणूनच अँगलच्या आत जनरल आर्मिस्टेड पडला तिथला छोटा दगड मला महत्त्वाचा वाटतो. १८८० च्या दशकात, शत्रूचा सेनापती असून, बरोबर त्याच जागी.

मी हे दगड हलवू नयेत या मताचा आहे. शेजारी नवा फलक लावून १९६३ ची गोष्ट सांगावी. तुमचा शेवटचा प्रश्न मात्र मला निरुत्तर करतो. त्या माणसांसाठी तिथे काहीच नाही म्हणावं इतकं कमी आहे.

पण एक घर आहे, ते चुकवू नका. हॅनकॉक अव्हेन्यूच्या उत्तर टोकाला, अँगलपासून चालत पाच-सात मिनिटांवर, पांढरं छोटं लाकडी घर. एब्राहम ब्रायन या स्वतंत्र काळ्या शेतकऱ्याचं. १२ एकर जमीन, गहू, फळझाडं. लीची फौज येतेय कळल्यावर कुटुंब घेऊन पळाला, कारण सापडला असता तर विकला गेला असता. परत आला तेव्हा घराला गोळ्यांची भोकं, कुंपणं जळलेली, शेत तुडवलेलं. त्याने सरकारकडे हजार डॉलरहून जास्त भरपाई मागितली. मिळाले १५. शेजारून रोज शेकडो गाड्या जातात, थांबतात फार थोड्या.

सांजवारा

चर्चा वाचतेय. मी वॉशिंग्टनच्या बाजूला राहते, म्हणून व्हिएतनाम वॉलबद्दल (व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांचं स्मारक) लिहिल्याशिवाय राहवत नाही. गेटिसबर्गच्या अगदी उलट आहे ती भिंत. पुतळा नाही, घोडा नाही, लढाईचं वर्णन नाही, फक्त नावं.

१९८१ मध्ये खुली स्पर्धा झाली, १,४२१ आराखडे आले, नावं झाकून तपासले. निवडला गेला तो येल विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या माया लिनचा. जमिनीत उतरत जाणाऱ्या दोन काळ्या भिंती, मध्ये कोनात जुळलेल्या. काही माजी सैनिकांना हा अपमान वाटला, काळा रंग खटकला, जमिनीखाली जाणं खटकलं. तडजोड म्हणून १९८४ मध्ये बाजूला तीन सैनिकांचा पुतळा आला, १९९३ मध्ये परिचारिका आणि इतर स्त्रियांचं स्मारक. भिंत मात्र जशीच्या तशी राहिली, १३ नोव्हेंबर १९८२ ला लोकार्पण झालं तशी.

तिथला काळा ग्रॅनाइट बंगळूरकडचा आहे. आईला हे सांगितलं तर तिने लगेच दगडाला हात लावून पाहिला.

नावं ५८ हजारांहून जास्त. अकारविल्हे नाहीत, मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावलेली आहेत, त्यामुळे एकाच चकमकीत गेलेले शेजारी शेजारी येतात. सुरुवात मधल्या कोनापासून, उजवीकडे जात संपते, मग डाव्या टोकापासून परत कोनाकडे. पहिला आणि शेवटचा मृत्यू एकमेकांशेजारी. नावापुढे छोटा चौकट-हिरा असेल तर मृत्यू निश्चित, अधिकाची खूण असेल तर बेपत्ता. अवशेष सापडून ओळख पटली की त्याच खुणेवर हिरा कोरतात. टोकाला जाडजूड पुस्तकं ठेवलेली असतात, त्यात नाव शोधून फलक आणि ओळ काढायची. कोणी कागद धरून पेन्सिलीने नाव उमटवून घेताना दिसेल, तिथे आपण जरा बाजूला थांबावं.

@उंबरठा, वॉशिंग्टनलाच यू स्ट्रीटवर यादवी युद्धातल्या काळ्या सैनिकांचं स्मारक आहे, १९९८ चं. भोवतीच्या भिंतींवर २,०९,१४५ नावं. नॅशनल मॉलवर (शहरातल्या मुख्य स्मारकांच्या पट्ट्यात) येणारे बहुतेक तिथे जात नाहीत. मेट्रोच्या दारातच आहे.

उंबरठा

@सांजवारा, धन्यवाद, तिथे नक्की जाणार. यावरून बॉस्टनचं शॉ स्मारक आठवलं. फिफ्टी-फोर्थ मॅसॅच्युसेट्स, काळ्या सैनिकांची रेजिमेंट, आणि तिचा गोरा कर्नल शॉ. १८९७ मध्ये सेंट-गॉडन्सने केलेलं शिल्प अप्रतिम आहे, प्रत्येक सैनिकाचा चेहरा वेगळा. पण कोरलेली नावं फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांची होती. मेलेल्या सैनिकांची नावं मागच्या बाजूला कोरायला १९८२ साल उजाडावं लागलं.

निशिगंध

किती माहिती मिळाली! ऑगस्टमध्ये सासूसासरे येताहेत, या वेळी नीट जायचं ठरवलंय. एका दिवसात काय काय होईल? सासऱ्यांचे गुडघे दुखतात, फार चालणं नको. आणि फी किती?

कातळवाट

@निशिगंध, रणभूमीवर फिरायला तिकीट नाही. व्हिजिटर सेंटरमधलं संग्रहालय आणि सायक्लोरामा (१८८४ चं गोलाकार भव्य चित्र) यांना तिकीट आहे. ऑगस्टच्या उन्हात भर दुपारी तेच करा, आत गारवा असतो.

गुडघ्यांचा प्रश्न असेल तर परवानाधारक गाईड घ्या. तो तुमच्याच गाडीत बसतो आणि गाडीही तोच चालवतो, त्यामुळे सगळ्यांना खिडकीतून निवांत बघता येतं. ही पद्धत १९१५ पासूनची आहे, परीक्षा देऊन परवाना मिळतो आणि परीक्षा अवघड असते. आधी आरक्षण करा. सासऱ्यांना ज्यात रस असेल ते गाईडला सुरुवातीलाच सांगा.

सकाळी ओक रिज आणि सॅली, मग लीच्या पुतळ्यापाशी थोडं थांबून लिटल राउंड टॉप. तिथल्या वाटा २०२४ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा खुल्या झाल्यात. शेवटी हॅनकॉक अव्हेन्यू, तिथे अँगल, फर्स्ट मिनेसोटा आणि ब्रायनचं घर रस्त्यालगतच आहेत, फार चालावं लागणार नाही.

आणि वेळ उरला तर गावातल्या लाँग लेनवरची लिंकन सेमेटरी. लिंकनचं भाषण झालं ती नव्हे. ती सैनिकांची राष्ट्रीय दफनभूमी, सगळे तिथे जातातच. ही १८६७ मध्ये गावातल्या काळ्या रहिवाशांनी आपल्या माणसांसाठी सुरू केलेली. युनियनच्या बाजूने लढलेले सुमारे ३० काळे सैनिक तिथे आहेत. गाडी रस्त्याच्या कडेलाच लावावी लागते.